ताप उतरला तरी लक्ष हवं

कोविडने ज्यांना रुग्णालयात नेलं, त्यांपैकी बहुतेकांचे पहिले चार दिवस साधेच गेले होते. ताप, अंगदुखी, खोकला, तोंडाची चव गेलेली. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना हायसं वाटलं, आणि नेमक्या त्याच सुमारास दम लागायला सुरुवात झाली. गंभीर कोविड हा बऱ्याच अंशी दुसऱ्या आठवड्याचा आजार आहे. तो घरात कसा ओळखायचा, आत नेमकं काय बिघडतं आणि रुग्णालयातून परतल्यावर काय सांभाळायचं, हे या लेखात सांगायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र गेलेला नाही. लसीमुळे आणि आधी होऊन गेलेल्या संसर्गामुळे आता बहुतेकांचं सर्दी-तापावर निभावतं. पण सत्तरी ओलांडलेले, डायलिसिसवर असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि फुप्फुसांचा जुना आजार असलेले लोक आजही अत्यवस्थ होऊ शकतात. शिवाय २०२०-२१ मध्ये आयसीयूतून परत आलेल्या कितीतरी जणांना जिना चढताना अजून धाप लागते, आणि ती का लागते हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

फुप्फुसांत काय होतं

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. वायुकोशांच्या अस्तरात काही पेशी सरफॅक्टंट नावाचा पदार्थ तयार करतात. या पदार्थामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश उघडे राहतात. तो कमी पडला की ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे वायुकोश मिटतात आणि पुढचा श्वास त्यांना सहजी उघडू शकत नाही.

कोरोना विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून, आणि सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशींवर हे प्रथिन असतं. म्हणजे घाव नेमक्या नको त्या जागी पडतो. पुढे प्रतिकारशक्ती धावून येते. बहुतेकांच्या शरीरात ती विषाणूला आवरते आणि शांत होते. काहींच्या बाबतीत ती शांत होत नाही. दाह वाढतच जातो, केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात, आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत साचतं. हवेची जागा पाण्याने घेतली की रक्त फुप्फुसातून फिरून येतं, पण ऑक्सिजन न घेताच. याच अवस्थेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. तिचं पहिलं वर्णन १९६७ सालचं आहे. कोविडच्या आधीही न्यूमोनिया, सेप्सिस, स्वाइन फ्लू यांत ती दिसतच होती.

कोविडमध्ये त्यात आणखी एक भर पडली, ती रक्ताच्या गुठळ्यांची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदन अभ्यासात कोविडने दगावलेल्या सात जणांची फुप्फुसं फ्लूने दगावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्यांचं प्रमाण कोविडमध्ये सुमारे नऊपट निघालं. अभ्यास छोटा होता, पण वॉर्डात दिसत होतं त्याच्याशी तो जुळणारा होता. काही वायुकोशांत हवा पोहोचत होती, पण तिथपर्यंत रक्तच पोहोचत नव्हतं.

त्रास जाणवत नाही, तेव्हा

२०२१ च्या एप्रिलमध्ये कितीतरी घरांत हे घडलं. आजोबा खाटेवर बसून चहा पीत आहेत, फोनवर बोलत आहेत, 'मला काही झालेलं नाही, उगाच घाबरू नका' असं मुलांनाच सांगत आहेत. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८२ दाखवतो. घरचे म्हणतात, यंत्र बिघडलं असेल. मग तेच यंत्र सून स्वतःच्या बोटाला लावते, तर ९८.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जीव गुदमरल्याची जाणीव मेंदूला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर होते. हा वायू पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा फार सहज बाहेर पडतो. त्यामुळे ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेला तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि माणसाला बराच वेळ काही जाणवत नाही. 'बरं वाटतंय' या शब्दावर दुसऱ्या आठवड्यात विसंबू नये, ते एवढ्याचसाठी.

लक्षण दिसलं तो पहिला दिवस धरा, तपासणीचा अहवाल आला तो नव्हे. हा हिशेब चुकला की धोक्याचे दिवसही चुकतात. पाचव्या दिवसापासून निदान बाराव्या दिवसापर्यंत जोखमीच्या रुग्णाचा ऑक्सिजन दिवसातून चार वेळा पाहून वहीत वेळेसह लिहून ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. हात गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश काढा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा आणि मगच लिहा. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही लक्षात असू द्या. तिथे काठावरच्या आकड्यावर समाधान मानू नका.

बसल्या जागी आकडा ९४ किंवा खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ९० ते ९३ म्हणजे रुग्णालय. ९० च्या खाली म्हणजे तातडी. १०८ ला फोन करा, सकाळ उजाडण्याची वाट पाहू नका. सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असतो. त्यांनी आपली मर्यादा छातीच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी.

बसून आकडा चांगला असला तरी चालल्यावर उतरू शकतो. त्यासाठी महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालून पाहण्याची सोपी चाचणी सुचवली होती. ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, नेहमीच्या चालीने चालायचं. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीनहून जास्त उतरला, किंवा धाप लागली, तर दवाखाना गाठायचा. साठीपुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरतं, आणि सोबत कुणीतरी हवंच. बसल्या जागीच आकडा ९४ च्या खाली असेल किंवा दमा असेल तर ही चाचणी करू नये.

ऑक्सिमीटर नसेल तर श्वास मोजा. रुग्णाला सांगू नका, सांगितलं की श्वासाची लय बदलते. त्याच्या पोटाकडे पाहत घड्याळाने पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त असतील तर डॉक्टर हवेत, ३० च्या वर गेले तर रुग्णवाहिका. एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर दिसणं, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बडबड, यांपैकी काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, निघा.

स्कोअर, स्टेरॉइड आणि पालथं झोपणं

दुसऱ्या लाटेत 'स्कोअर किती आला?' हाच परवलीचा प्रश्न झाला होता. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला पाच गुण, म्हणून पंचवीसपैकी स्कोअर. आजार किती भागात पसरला आहे एवढंच तो सांगतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो आणि तेवढ्याने निर्धास्त झालेला माणूस आठव्या दिवशी अत्यवस्थ होऊ शकतो. उलट १० चा स्कोअर असून ९७ ऑक्सिजन असलेला माणूस घरी बरा होतो. निर्णय ऑक्सिजनवर, श्वासाच्या गतीवर आणि रुग्णाच्या एकूण अवस्थेवर व्हावा. सीटी स्कॅन डॉक्टरांनी सांगितला तर करावा, मनाने नव्हे.

स्टेरॉइडबद्दल मला अधिक कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण इथे फार नुकसान झालं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. पहिल्या आठवड्यात विषाणूशी लढायला प्रतिकारशक्ती लागते, आणि त्याच वेळी तिला दाबलं तर उलटच होण्याचा धोका असतो. तरीही २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या चिठ्ठ्या पाहून लोकांनी पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, काहींनी महिनाभर घेतलं. साखर चारशेवर गेली तरी घरात ग्लुकोमीटर नव्हता. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला अशी वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती लागतेच. महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांनी त्यात डोळा गमावला, जबडा गमावला.

म्हणून नियम सोपा ठेवा. ऑक्सिजन उतरलेला नसेल तर स्टेरॉइड नको. डॉक्टरांनी दिलं तर किती दिवस घ्यायचं आणि कसं थांबवायचं हे लिहून घ्या. मधुमेह असो वा नसो, स्टेरॉइड चालू असताना साखर रोज तपासा. मधुमेह असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा. नंतरच्या आठवड्यांत चेहऱ्याची एकच बाजू दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. या बुरशीच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो.

पालथं झोपण्याने मात्र खरोखर मदत होते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. उताणं झोपल्यावर हृदयाचं आणि पोटाचं ओझं फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर पडतं. तिथे फुप्फुसाचा मोठा भाग असतो आणि तो मिटून राहतो. पालथं झाल्यावर तो उघडतो आणि ऑक्सिजन कधीकधी काही मिनिटांतच वाढतो. चार-पाच उशा जमवा. एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसून, मग डाव्या कुशीवर, मग पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर नको. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकार असलेले, पायात गुठळी झालेले, मणक्याला किंवा कंबरेच्या हाडाला इजा झालेले यांनी करू नये. आणि हा उपाय रुग्णवाहिका येईपर्यंतचा किंवा उपचाराच्या जोडीचा आहे. आकडा ८८ वरून ९२ झाला म्हणून रुग्णालयात जाणं टाळलं तर घात होतो.

फुप्फुसांच्या पलीकडे

रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दाहाने सुजतं आणि रक्त गोठायला लागतं. इतर अवयवांपर्यंत आजार पोहोचतो तो मोठ्या प्रमाणात या वाटेने. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते, हृदयाच्या धमनीत झाली तर हार्ट अटॅक, मेंदूत गेली तर पक्षाघात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक वाढलेली धाप, छातीत कळ, तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, जीभ जड होणं, ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी डिस्चार्जच्या कागदावर असेल तर स्वतःहून बंद करू नका, आणि शेजाऱ्याच्या गुठळ्यांच्या रक्ततपासणीत डी-डायमर वाढला म्हणून त्याची गोळी स्वतः सुरूही करू नका.

मूत्रपिंडांचं नुकसान सहसा गाजावाजा न करता होतं. दाह, गुठळ्या, उतरलेला रक्तदाब, कमी झालेला ऑक्सिजन, शरीरातलं घटलेलं पाणी, सगळ्याचा भार त्यांच्यावर येतो, आणि गंभीर रुग्णांपैकी काहींना डायलिसिस लागतं. घरात असताना लघवी कमी होतेय का, गडद होतेय का, पाय-चेहरा सुजतोय का, याकडे लक्ष द्या. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्या मूत्रपिंडांना आणखी दुखावतात. तापासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मूत्रपिंडांना इजा झालेली असेल तर बरं झाल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या.

हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, ठोके अनियमित होऊ शकतात. यकृताचे आकडे बऱ्याच जणांचे थोडे वाढतात आणि बहुधा आपोआप खाली येतात. मेंदूचं दुखणं घरच्यांना सर्वांत घाबरवतं: आयसीयूतला वृद्ध माणूस रात्री नळ्या ओढतो, मुलाला ओळखत नाही, भिंतीवर कुणी बसलंय म्हणतो. याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नव्हे. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी रुग्णापर्यंत पोहोचवा, घड्याळ दिसेल असं ठेवायला सांगा, फोनवरून का होईना घरच्या माणसाचा आवाज रोज ऐकू द्या. याने खरंच फरक पडतो.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी फाइल नीट मागून घ्या. शेवटचा एक्स-रे, क्रिएटिनिन, साखर, ईसीजी, किती दिवस ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला, स्टेरॉइड कोणतं आणि किती दिवस, हे सगळं त्यात हवं. पुढे कुठल्याही डॉक्टरांना पहिल्यांदा हेच लागतं.

दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. धाप लागण्यामागे कित्येकदा फुप्फुसांइतकंच हेही कारण असतं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. घरातल्या घरात चालणं. दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढ. जेवणात डाळ, उसळी, दूध, अंडी, चालत असेल तर मासे-मटण वाढवा. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारून. चालताना ऑक्सिजन ९० च्या खाली जात असेल तर थांबा आणि कळवा.

तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर जवळजवळ प्रत्येक घरात आला आणि निम्मे लोक तो उलटा वापरतात: नळी तोंडात धरून जोरात फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. ताठ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि सावकाश आत ओढा. पहिली गोळी वर जाऊन दोन-तीन सेकंद तरंगत राहिली पाहिजे. तिन्ही गोळ्या क्षणभर उडवण्यापेक्षा एकच गोळी वर धरून ठेवणं फुप्फुसाला जास्त उपयोगी पडतं. मग श्वास सोडून विसावा घ्या. आठ-दहा वेळा झालं की थांबा. चक्कर आली तर आधीच थांबा. प्राणायामात दीर्घ, संथ श्वासापासून सुरुवात करा. कपालभाती आणि भस्त्रिका पहिल्या काही आठवड्यांत नकोत. दुखावलेल्या फुप्फुसाला झटके सोसत नाहीत. वाफेचं भांडं डोक्यावर टॉवेल घेऊन तासन्‌तास धरण्यानेही फुप्फुसं साफ होत नाहीत, भाजतं मात्र.

गंभीर न्यूमोनिया झालेल्या प्रत्येकाने साधारण बारा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरांना दाखवावं. तोवर बहुतेकांची फुप्फुसं पुष्कळशी मोकळी झालेली असतात. एक्स-रेत दोष उरला असेल किंवा धाप कायम असेल, तर फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि त्यातली डीएलसीओ मोजणी, सीटी स्कॅन आणि हृदयाची टू-डी इको यांचा विचार होतो. डीएलसीओ म्हणजे पडद्यातून वायू किती सहज पार होतो त्याचं माप; साधी फुंकण्याची चाचणी चांगली येऊनही ते कमी असू शकतं, म्हणून आवर्जून विचारा. काहींच्या फुप्फुसांत व्रण राहतात, ज्याला फायब्रोसिस म्हणतात. पहिल्या महिन्यातल्या सीटीवर हा शब्द दिसला म्हणून खचून जाऊ नका, पुढच्या महिन्यांत त्यातलं बरंच निवळतं. पिरफेनिडोन, निंटेडानिब ही महागडी औषधं कोविडनंतर सरसकट सगळ्यांनी घ्यावीत असा पुरावा नाही. तज्ज्ञाने तपासून, कारण सांगून लिहून दिली तरच घ्या, आणि दर तीन महिन्यांनी गरज आहे का हे विचारा.

विडी-सिगारेट बंद, घरातल्यांचीही. चुलीचा धूर, शेतातली फवारणी, पिठाच्या गिरणीतली धूळ यांपासून निदान काही महिने रुग्णाला लांब ठेवा. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकोकल लस यांबद्दल डॉक्टरांशी बोला. दुखावलेल्या फुप्फुसाला दुसरा न्यूमोनिया परवडत नाही.

आजार सुरू होऊन तीन महिने उलटले तरी थकवा, धाप, विसराळूपणा जात नसेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर तो दीर्घ कोविड असू शकतो. अशा माणसाला 'मनावर घे, उठून कामाला लाग' म्हणू नका. काहींना आज जास्त काम केल्याचा फटका उद्या-परवा बसतो आणि ते दोन दिवस उठू शकत नाहीत. त्यांनी आठवडाभर रोजची कामं आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा वहीत लिहावा आणि ज्या कामानंतर थकवा वाढला नाही तेवढ्यावरच पुढचा आठवडा काढावा. कामावर परतताना सुरुवातीला अर्धा दिवस मागून घ्या, डॉक्टरांचं पत्र त्यासाठी मिळतं.